आक्काचा डाव

ता. ६ नोव्हेंबर १९३७. निपाणी.
सकाळी वखारीत. जुन्या तंबाखूचे गठ्ठे वर-खाली करून घेतले. चारला घरी. भात टाकला, पिठलं केलं, उजेड असतानाच जेवलो. भाऊबीज येऊन गेली. पाट मांडला नाही.

शामराव आला. आक्का भाद्रपदात गेली तेव्हापासून रोज येतो. कापडाचं दुकान बाबू शिंप्यावर टाकून येतो. तो बोलतो, मी ऐकतो. शाळेपासून असंच आहे. आज म्हणाला, "भरमाप्पा, पट काढ की रं. किती दिस झालं."

काढला. वडिलांचा कापडी पट, गोकाकचे लाकडी मोहरे. सवयीनं उंबऱ्यापाशीच मांडला. शामराव बाहेर सोप्यात, मी मधे. आतली जागा रिकामी. दोघांनीही तिकडं बघितलं नाही. दहा-बारा खेळ्यांत मी हरलो. साहजिक आहे. मी कधी खेळलोच नाही. आक्का आतून सांगायची, मी मोहरा उचलायचो.

ता. ८ नोव्हेंबर.
आज शा.ला आक्काचा शेवटचा डाव दाखवला. (शामराव दर वेळी पुरा लिहायचा कंटाळा.)

आजारात ती कुशीवर पडून पटाकडं बघत असायची. ताप उतरला की म्हणायची, "भरमू, त्ये प्यादं एक घर मागं घे." मी घ्यायचो. "न्हाय, पुन्ना होतं तितंच." श्रावण असाच गेला. एक दिवस म्हणाली, "जमलं." आणि डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं झोपली.

पांढऱ्याकडं वजीर, घोडा आणि एक प्यादं. काळ्याकडं राजाशिवाय एकच घोडा. कोणीही म्हणेल वजिरानं तो घोडा मारा, डाव संपला. पण तो त्याचा शेवटचा मोहरा. मारला की राजा एकटा उरतो, बुर्जी होते, आणि जिंकलेला डाव अर्ध्यावर येतो. म्हणून घोडा जिवंत ठेवायचा. शह देत गेलं की राजाला वाचवायला दर वेळी घोडाच मधे पडतो. पडता पडता आपल्याच राजाची वाट अडवून बसतो. मग प्याद्यानं मात. प्यादेमात वडिलांनासुद्धा क्वचित साधली.

शा. बघत राहिला. "घोडा मारायचाच न्हाय म्हंतीस व्हय, आक्का!" असं रिकाम्या जागेकडं बघून म्हणाला. उपरण्यानं डोळे पुसले. "आपण दोगं काय रं, नुसती लाकडं हलवणारं."

पुन्हा मांडायला लावला. पुन्हा. पाठ होईपर्यंत.

मला बरं वाटलं. ती गेल्यापासून घरात तिचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं निघालं.

ता. २० नोव्हेंबर.
शा. माल आणायला बेळगावला गेला होता. तिथं बोलपट बघून आला आणि त्याच्या डोक्यात तेच. राजपुत्र आणि राजकन्या बुद्धिबळं खेळतात, मधे पडदा. हरला तर राज्य द्यायचं, जिंकला तर राजकन्या. "लई झ्याक काम केलंय रं त्या नटानं. उंट असा दोन बोटांत धरतोय बघ." करून दाखवलं. बेळगावात दुकानादुकानात पट मांडलेत म्हणे. वकील, मास्तर, सायकलवाले, सगळे.

विलायतेत जाऊन साहेबांना हरवणारा खेळाडू आपल्याकडं होऊन गेला, त्याच्या बातम्या शा.नंच मला वाचून दाखवल्या होत्या. तेव्हा निपाणीत एकानंही पट मांडला नव्हता. आक्का तेवढी म्हणाली होती, "पयल्या खेळ्या कुटल्या खेळला, लिवलंय काय त्यात?" लिहिलेलं नव्हतं.

ता. ४ डिसेंबर.
बोलपटाचा तंबू आला. जत्रेच्या माळावर. शा.नं ओढून नेलं. मी यायला नको म्हणत होतो, सुतक कधीच संपलं रं म्हणाला.

नटानं उंट सरळ चालवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही.

पडद्याआडून राजकन्या खेळी सांगते, दासी मोहरा उचलते. तिचा हातसुद्धा दिसत नाही, नुसता आवाज. तंबूत सगळे श्वास धरून. ती जिंकते तेव्हा टाळ्या, शिट्ट्या, कोणी टोपी उडवली. शा.नं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाला, "आपली आक्का!"

मी उठून बाहेर आलो. माळावर इंजिनाचा आवाज येत होता, तिथं उभा राहिलो. वाईट वाटलं म्हणून नव्हे. एवढी माणसं एका बाईच्या खेळीला टाळ्या वाजवतात, हे आक्काला जाऊन सांगावं असं वाटलं, आणि पाय घराकडं वळले, म्हणून.

ता. १३ डिसेंबर.
गाव वेडं झालंय. देवळाच्या पायरीवर खडूनं चौकटी. न्हाव्याकडं गिऱ्हाईक अर्धी दाढी झाल्यावर थांबतं, आधी डाव पुरा. बाबू शिंपी उरलेल्या चिंध्यांचे पट शिवून विकतो. चार घरं कमी पडली तर म्हणतो, "जागा लागंल तशी वाढवा की, तुमचाच खेळ हाय." सुतारांना मोहरे कातायला वेळ पुरत नाही, वजीर आणि उंट सारखेच दिसतात.

वजिराला आता राणी म्हणतात, बोलपटात म्हणतात म्हणून. वखारीतही तेच. दिवाणजींनी मला विचारलं, "भरमाप्पा, तुम्हाला येतं काय हो?" मी म्हटलं, मोहरे हलवता येतात.

ता. १५ डिसेंबर.
शा. दोन दिवस आला नाही.

ता. १९ डिसेंबर.
आला. घाईत. दुकानाच्या माडीवर मंडळ काढतोय, बुद्धिबळ मंडळ. उद्घाटनाला चांगला पट पाहिजे, चिंध्यांचा नको. "आक्काचा पट मांडू. आक्काच्या पटावरच पयला डाव. काय म्हंतोस?"

मी नाही कसं म्हणणार? धुतलेल्या पंच्यात मोहरे गुंडाळून दिले. चार दिवसांत देतो म्हणाला.

जाताना म्हणाला, मंडळात बोलपटातली रीत ठेवणार. विलायती. प्यादं पहिल्यांदा दोन घरं, राजाची एकदाची घोड्यासारखी उडी बंद, बुर्जी बंद. "लोकांना तीच ठावं हाय रं आता." मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं पडेल ते करा.

ता. २६ डिसेंबर.
उद्घाटन. मी मागं जिन्यापाशी बसलो. हार, पेढे, नटाचा फोटो चौकटीत. मामलेदार कचेरीतले दोघे आले होते. शा.नं भाषण केलं. आपण हा खेळ गेली वीस वर्षं खेळतोय, बोलपट यायच्या आधीपासून. टाळ्या.

कोणीतरी विचारलं, कोणाबरोबर खेळत होता? शा. म्हणाला, "हे काय, आमचे भरमाप्पा." आणि माझ्याकडं हात केला. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मी खाली बघितलं.

त्याला एक शब्द जास्त बोलायला काय झालं होतं? चारचौघांत बाईमाणसाचं नाव नको, असं त्याला वाटलं असेल. आक्कालाही आवडलं नसतं कदाचित. ती शेजारणींनासुद्धा सांगत नसे. तांदूळ निवडत बसलेय असंच सांगायची. ताट पुढ्यात असायचंही.

ता. २ जानेवारी १९३८.
रविवार असून वखारीत जावं लागलं. नवा पाला येऊ लागला. खोकला.
पट आला नाही.

ता. ११ जानेवारी.
बेळगावच्या साप्ताहिकात आता दर अंकात 'बुद्धिबळाचा कोपरा' आहे. दिवाणजी वाचत होते. "अहो, तुमच्या शामरावांचा डाव छापलाय! पांढऱ्यानं खेळून मात करा. रचणारे, श्री. शामराव, चालक, बुद्धिबळ मंडळ, निपाणी."

मी चित्र बघितलं. वजीर, घोडा, प्यादं. काळा राजा, काळा घोडा. एक घरसुद्धा इकडचं तिकडं नव्हतं.

दिवाणजी म्हणाले, "डोकं हाय बरं का मानसाला." मी हो म्हटलं.

हो का म्हटलं?

ता. १२ जानेवारी.
वखारीतून परस्पर दुकानात गेलो. बाबू शिंपी मशीनवर. शा. गिऱ्हाइकाला मलमल दाखवत होता. मला बघून हसला, नेहमीसारखाच. "पेपर बघिटलास?"

मी म्हटलं, आक्काचा डाव तो.

गिऱ्हाईक जाऊ दिलं. मग हळू आवाजात, "व्हय रं. मी कुटं न्हाय म्हंतोय? पर नाव कसं घालायचं तिचं? पेपरात? विधवा बाईमाणसाचं? गाव काय म्हंटलं असतं? तुलाच नको वाटलं असतं, खरं सांग."

मी म्हटलं, मग नाव न घालता द्यायचा.

"बिननावाचं छापत न्हाईत त्ये. आनी माजं नाव काय, आक्काचं काय, आपल्या घरातलंच की."

घरातलं म्हणाला. इतकी वर्षं आक्कानं त्याला सांडगे, मेतकूट, दर दिवाळीला ताट पाठवलं. घरातलाच होता. त्यानं चहा मागवला. मी घेतला नाही, तर म्हणाला, रागावलास व्हय? मी म्हटलं, नाही, जेवणाची वेळ झाली.

ता. १६ जानेवारी.
बसदीत जिनदर्शनाला गेलो होतो. बाहेर येताना दोघं बोलत होते. शामराव म्हणे बेळगावला सामन्याला जाणार. एकानं मला विचारलं, "तुमच्या घरी शिकिवला न्हवं त्यानं खेळ? तुमच्या आक्कांना बी मोहरं वळखायला शिकिवलं म्हंत होता. दया आली म्हनं, दिसभर एकट्याच बसायच्या."

मी विचारलं, कोण म्हणत होता?

"त्योच की, मंडळात. परवा."

आक्का बोरगावच्या सासरहून कुंकू पुसून परत आली त्या वर्षी वडिलांनी तिला पट शिकवला. शा. तेव्हा माझ्याबरोबर पहिलीत होता. नाक वाहत असायचं.

ता. १७ जानेवारी.
वखारीत गेलो नाही. अंग दुखतंय असा निरोप धाडला. दुखत नव्हतं.

नाव लपवलं ते एक वेळ समजतं. शिकवलं म्हणून सांगणं हे कशासाठी? त्याचं काय अडलं होतं त्यावाचून?

ता. २५ जानेवारी.
नवा अंक. कोपऱ्यात उत्तरं. लोंढ्याच्या एका रेल्वे कारकुनानं लिहिलंय, एवढा सोपा डाव छापण्यात काय मतलब? राणीनं घोडा मारावा, पुढच्याच खेळीला मात. खानापूरच्या शाळेतल्या मुलांनीही तेच पाठवलंय म्हणे. संपादकांनी खाली टीप टाकलीय, निपाणीचे चालक अजून चालायला शिकत आहेत काय?

दिवाणजी पोट धरून हसले. वखारीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

माझ्या ध्यानात लगेच आलं. विलायती रीतीत बुर्जीच नाही. मग घोडा जिवंत ठेवायचं कारणच उरत नाही. घोडा मेला की आक्काचा डावही मेला. शा.नं डाव उचलला आणि ज्या रीतीवर तो उभा होता ती इथंच ठेवून गेला.

मला हसू आलं. नंतर लाज वाटली. हसत होते ते तिच्याच डावाला.

ता. २६ जानेवारी.
शा. आला. किती दिवसांनी. चपला काढून सोप्यात बसला. मी आत गेलो नाही, बाहेरही बसलो नाही, दारात उभा राहिलो.

"खोट कुटं हाय रं यात? तू सांग. तुला ठावं असणार."

खोट नाही, म्हटलं.

"मग त्ये लोंढ्याचं येडं काय म्हंतंय? सांग की बाबा, पुढच्या अंकात दुरुस्ती घालतो. माजी अब्रू चाललीया."

मी म्हटलं, दुरुस्तीत नाव कुणाचं घालणार?

मी जन्मात त्याला असं विचारलेलं नाही. त्यानं उंबऱ्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "तुजं बी बरं हाय भरमाप्पा. बसून ऱ्हायचं आनी मोक्याला तोंड उघडायचं." चपला घातल्या आणि गेला.

सांगायला हवं होतं का? एक शब्द होता, बुर्जी. तेवढ्यानं डाव वाचला असता. पण वाचून त्याच्याच नावावर राहिला असता.

आणि त्याला खरंच आठवत नाही? ८ नोव्हेंबरला याच जागी बसून म्हणाला होता ना, घोडा मारायचाच न्हाय म्हणून. विसरला असेल. सवय मोडली की रीत विसरते. असेल.

ता. २ फेब्रुवारी.
त्यानं नाव घातलं.

जसंच्या तसं उतरून घेतो. 'मागील एका अंकातील डाव वस्तुतः आमचा नसून येथील तंबाखू-वखारीतील कारकून श्री. भरमाप्पा यांच्या नुकत्याच निवर्तलेल्या वृद्ध विधवा भगिनी यांनी रचलेला होता. त्या माउलीस खेळाचे नियम पूर्ण अवगत नव्हते. केवळ तिच्या स्मृतीस मान म्हणून तो न तपासता पाठविला, ही आमची चूक. वाचकांनी क्षमा करावी. - शामराव.'

आक्का वृद्ध नव्हती.

पुढं लिहवत नाही.

ता. ३ फेब्रुवारी.
दिवाणजी आज हसले नाहीत. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. बायकांना कुठलं हो एवढं." चांगल्या मनानं म्हणाले.

विहिरीवर दोघीजणी बोलताना थांबल्या. एक म्हणाली, "आक्कांचा डाव चुकला म्हनं, भरमूदादा. पर पेपरात तर आल्या!"

गौरव झाला तेव्हा डाव त्याचा होता. हसं झालं तेव्हा तिचा. आयुष्यभर उंबऱ्याच्या आत बसली, एकदाच गावासमोर आली ती अशी. आणि त्याला वाट मी दिली. नाव घाल म्हणून.

ता. ९ फेब्रुवारी.
ठरवलं. मंडळात जाऊन पट परत आणायचा, आणि आणायच्या आधी सगळ्यांसमोर डाव मांडायचा. आपल्या रीतीनं. बोलायचं काय ते मनात घोळवलं. चार वाक्यं आहेत.

पत्र लिहून पेपरात देता येईल. पण मला तसं लिहिता येत नाही, आणि डाव हातानं दाखवायची गोष्ट आहे.

ता. १३ फेब्रुवारी.
जाऊन आलो.

दुपारी तिथं सात-आठजण होते. नटाच्या फोटोवरचा हार वाळलेला. पटावर चहाचा डाग, प्याद्यांत एक सुपारीचं खांड, हरवलेल्याच्या जागी. शा. दिसला नाही. बाबू शिंपी म्हणाला, "या या भरमाप्पा! राणी घेऊन आलाय काय?" हसले.

मी बसलो. मांडला. म्हटलं, हा डाव जुन्या रीतीचा आहे. शेवटचा मोहरा मारला की बुर्जी, डाव अर्ध्यावर. एवढं धरून बघा.

एकजण म्हणाला, "बुर्जी आता कोन खेळतंय?" पण बाबू जवळ सरकला. तोंडातलं पान त्यानं गालात धरलं. मी पहिला शह दिला. घोडा मधे आला. दुसरा शह. बाबू म्हणाला, "आगा! ह्यो त्याचाच घोडा त्याला गोवतोय की." दोघे-तिघे वाकले. तिसरा शह.

तेवढ्यात खाली बाज्याचा आवाज. नव्या बोलपटाच्या जाहिरातीची गाडी, तंबूवाल्यांची. त्यात तोच नट आहे, घोड्यावर बसून तोंडाचा बाजा वाजवतो. गाडीवर एकजण तसलाच बाजा वाजवत होता. माडीवरचे सगळे आधी खिडकीशी, मग जिन्यानं खाली. बाबू म्हणाला, "हितंच ऱ्हाऊ द्या आसं, हलवू नका, आलोच." आला नाही.

मी एकटाच खेळत गेलो. प्यादं पुढं सरकवलं. मात. सुपारीचं खांड नव्हे, खरंच प्यादं.

मोहरे गोळा करताना मान वर केली तर जिन्याच्या वरच्या पायरीवर शा. उभा. केव्हापासून, माहीत नाही. पट बगलेत घेऊन त्याच्या अंगावरून खाली उतरलो. त्यानं अंग चोरून वाट दिली.

ता. २२ फेब्रुवारी.
साप्ताहिकातला कोपरा बंद. त्या जागी 'तोंडाचा बाजा कसा वाजवावा, धडा पहिला'. म्हणजे आता दुरुस्ती छापायलाही जागा नाही. शेवटचं छापलेलं राहील ते तेच. त्या माउलीस नियम अवगत नव्हते.

बाबू शिंपी बाज्यासाठी गळ्यात अडकवायच्या पिशव्या शिवतो.

ता. ४ मार्च.
वखारीत पाला फार. घरी येईतो उन्हं कलती होतात. जेवण घाईत होतं.
पायरीवरच्या खडूच्या चौकटी पुसल्या गेल्या. कोणी पुसल्या नाहीत, पायांनी गेल्या.
पट पेटीत ठेवला. बाहेर मांडायचं कारण नाही.

ता. १२ मार्च.
मंडळाच्या माडीवर आता कापडाचे तागे आहेत असं कळलं. शा. सामन्याला गेलाच नव्हता म्हणे. दिवाणजी सांगत होते, हल्ली दुकानातही फार बोलत नाही. मी विचारलं नव्हतं.

ता. १९ मार्च.
वखार लवकर सुटली. परसात पाणी गाळत होतो. पुढचं दार उघडंच.

सोप्यातून हाक आली. "भरमाप्पा, हाईस काय?"

मी कळशीवर फडकं धरलेलं. हात रिकामे नव्हते.

चपला काढल्याचा आवाज. बसला असावा, नेहमीच्या जागी. "पट काढ की रं. कोन ऱ्हायलं न्हाय खेळायला." मग तिथूनच, आत येऊन नव्हे, "मला ठावं होतं बुर्जीचं. त्या दिवशी तुज्याकडं आलतो तवाच ठावं होतं. तू सांगतोस काय बघत हुतो. तू सांगिटलं असतंस तर तुज्या नावानं… " पुढचं ऐकू आलं नाही, की तो बोललाच नाही.

म्हणजे ठाऊक असताना लिहिलं. तिला नियम अवगत नव्हते असं, ते तिला येत होते हे ठाऊक असताना.

"बोल की काय तरी. शिव्या घाल."

पाणी बारीक धारेनं पडत होतं. कळशी भरत आली तसा आवाज बदलला. मी ओ दिली नाही. तो बराच वेळ बसून होता. गेला की अजून आहे, हे बघायला मी पुढं गेलो नाही.

परसदारानं बाहेर पडलो. विहिरीवर कोणी नव्हतं. फडकं उलटं केलं आणि त्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून पुन्हा विहिरीत हळू सोडले, खालपर्यंत. मग ते पिळून काठीवर वाळत घातलं.